वाढीव चौरस फूट येतात कुठून?

वाचकाचं पत्र : विलेपार्ले पूर्वेला आमची सोसायटी १९७४ सालची. तळमजला अधिक तीन मजले, २४ बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. माझं वय ६२, गुडघ्यांनी तिसरा मजला नकोसा केलाय. प्लॉट १००० चौरस मीटरचा, समोरचा रस्ता ९ मीटरचा. तीन बिल्डरांच्या ऑफर आल्यात : ३५ टक्के, ४५ टक्के आणि ६० टक्के वाढीव जागा. बहुतेकांचा कल ६०वाल्याकडे आहे. शेजारचे काका मात्र पुनर्विकासालाच विरोध करतात. म्हणतात, पाणी नाही, गाड्यांना जागा नाही, आणि एवढे टॉवर झाले तरी घरं कुठे स्वस्त झाली? माझा मुलगा म्हणतो, घरंच कमी आहेत म्हणून तर मला लग्नानंतर नालासोपाऱ्याला जावं लागणार. मला दोघांचंही पटतं. पुढच्या महिन्यात सभा आहे. सही करू का? आणि नाही केली तर काय होईल?

ताई,

पुनर्विकासाला हो म्हणा. ६० टक्क्यांना मात्र आत्ताच हो म्हणू नका. असं का, ते तुमच्याच प्लॉटच्या हिशोबातून दिसेल. काकांचा आणि मुलाचा वादही त्याच हिशोबात दडलेला आहे, म्हणून कागदपत्रांआधी तो मांडू.

डीसीपीआर २०३४ म्हणजे मुंबईची सध्याची विकास नियंत्रण नियमावली. तिच्यानुसार उपनगरात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते माप, १. रस्ता किमान ९ मीटर असेल तर ०.५ प्रीमियम (महापालिकेचं शुल्क) भरून आणि ०.५ टीडीआर (दुसऱ्या जागेचे बांधकामाचे हक्क) विकत घेऊन तो २ पर्यंत जातो. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमांनी दिलेलं जादा बांधकाम. म्हणजे तुमच्या प्लॉटवर जास्तीत जास्त २,७०० चौरस मीटर बांधकाम, सुमारे २९,००० चौरस फूट. भिंती वगैरे वजा जाता वापरायची जागा उरते साधारण २६,४०० चौरस फूट. ही तुमची भाकरी. आता ती किती जणांत वाटायची ते बघा.

तुमचे आजचे फ्लॅट सरासरी ३७५ चौरस फुटांचे धरले, तर २४ जणांचे मिळून ९,००० होतात. ३५ टक्के वाढ दिली की १२,१५० सभासदांकडे गेले, विक्रीला उरले १४,२५०. ६० टक्के दिली की १४,४०० गेले, उरले १२,०००.

खर्चाचे आकडे इथे समजण्यापुरते धरतो, तुमच्या भागातल्या रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, ते बदलतील. पार्किंग, जिने, गच्ची धरून ४०,००० फूट बांधकाम, ४,००० रुपये दराने १६ कोटी. महापालिकेचं प्रीमियम, टीडीआर, सेस मिळून १४ कोटी. २४ घरांना दरमहा ४५,००० भाडं, ३६ महिने : ३.९ कोटी. कॉर्पस (सोसायटीचा कायम निधी) आणि सामान हलवण्याचा खर्च १.२ कोटी. आर्किटेक्ट, स्टॅम्प ड्युटी, कर, जाहिरात ३.५ कोटी. व्याज ३ कोटी. एकूण ४१.६ कोटी. विक्रीचा भाव फुटाला ३५,००० धरला तर ३५ टक्क्यांच्या ऑफरमध्ये ४९.९ कोटी येतात, शिल्लक ८.३ कोटी. ४५ टक्क्यांत शिल्लक ५.१ कोटी. ६० टक्क्यांत येतात ४२ कोटी आणि शिल्लक राहते ४० लाख.

एक टक्का नफ्यासाठी कोणी तीन वर्षं घाम गाळत नाही आणि कोणती बँक त्यावर कर्जही देत नाही. तुमचं सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं होतं १०.८ लाख. म्हणजे काम चार महिने लांबलं की ४० लाख संपले. पाचव्या महिन्यापासून बिल्डर स्वतःच्या खिशातून भाडं देणार, आणि तिथूनच चेक परत यायला लागतात. मुंबईत पत्रे ठोकलेले, गवत उगवलेले जे प्लॉट दिसतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सुरुवात अशाच एका टाळ्या घेणाऱ्या टक्क्याने झालेली असते.

मग ६० टक्के देऊ करणारा माणूस खुळा आहे का? नाही. एक तर तो भाव वाढतील या आशेवर खेळतोय. किंवा नेमणुकीचं पत्र हातात घेऊन दुसऱ्या बिल्डरला भागीदार करायचा त्याचा बेत आहे. किंवा घरं रिकामी झाल्यावर ‘परवडत नाही, दहा टक्के सोडा’ म्हणायचं त्याने आधीच ठरवलंय. आणि चौथी शक्यता अशी, की त्याची फूटपट्टीच वेगळी आहे. ती समजून घ्या, कारण ती तुम्ही स्वतः घरात तपासू शकता.

टेप घ्या. दिवाणखान्याची लांबी भिंतीच्या गिलाव्यापासून समोरच्या गिलाव्यापर्यंत मोजा, मग रुंदी. प्रत्येक खोली, पॅसेज, संडास, मोरी वेगवेगळी मोजून लिहा. आता बाल्कनीशी या. बहुतेक घरांत ती कधीच खिडक्या लावून खोलीत घेतलेली असते, पण मंजूर नकाशात ती बाल्कनीच असते. समजा ती ३५ फुटांची आहे. जुन्या पद्धतीच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, ती धरतात, म्हणून घर ३७५ चं. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या, व्याख्येत बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत, घराच्या आतल्या भिंती मात्र धरतात. त्या हिशोबाने तेच घर ३४० च्या आसपास येतं. आता ३४० वर ६० टक्के वाढ म्हणजे ५४४. आणि ३७५ वर ४५ टक्के वाढ म्हणजेही ५४४! दोन ऑफर, एकच घर. तेव्हा तिन्ही बिल्डरांकडून टक्के नकोत, प्रत्येक फ्लॅटच्या क्रमांकासमोर ‘नवीन घर इतके चौरस फूट, रेरा कार्पेट, बाल्कनी यात धरली आहे किंवा नाही’ असा तक्ता मागा. मोजणीही बिल्डरच्या माणसाने नव्हे, सोसायटीने नेमलेल्या आर्किटेक्टने करावी, आणि त्या कागदावर प्रत्येक सभासदाची सही असावी. सोसायटीकडे मंजूर नकाशा नसेल तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यातून माहिती अधिकारात प्रत काढा. एफएसआयच्या सवलती अधिकृत बांधकामावर मोजतात, वाढवलेल्या खोलीवर नाही.

सवलतीचं निघालंच म्हणून सांगतो. ३० वर्षांवरच्या सोसायट्यांना त्याच नियमावलीच्या ३३(७)(ब) खाली जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर घरामागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल तेवढं बांधकाम प्रीमियमशिवाय मिळतं. तुम्हाला २४ घरांचे २४० चौरस मीटर मिळतील. ऑफरमध्ये हा फायदा कुठे दाखवलाय ते विचारा.

रस्त्याची रुंदीही ऐकीव ठेवू नका. डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटची आणि रस्त्याची काय नोंद आहे तो महापालिकेचा कागद, काढा. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी निघाला तर प्रीमियम आणि टीडीआर दोन्ही बंद, आणि वरचं सगळं गणित कोसळतं. शिवाय पार्ले विमानतळाला खेटून आहे. विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी किती मीटरपर्यंत मिळते, ते टीडीआर विकत घेण्याआधी कळायला हवं. कागदावर एफएसआय आहे पण वर चढायला आकाश नाही, अशा सोसायट्या पार्ल्यात काही थोड्या नाहीत. आणि इमारत ३२ मीटरच्या वर गेली की हायराइजचे नियम लागतात, खर्च चढतो, हेही लक्षात असू द्या.

आता काका आणि मुलगा.

३५ टक्के आणि ६० टक्के यांत फरक आहे २,२५० चौरस फुटांचा. ४५० फुटांचं एक घर धरलं तर ती पाच घरं झाली. तुमच्या मुलासारख्या पाच जोडप्यांची घरं तुमच्या २४ दिवाणखान्यांत विरघळतात. आणि उरलेल्या कमी जागेतून तोच खर्च काढायचा म्हणून विक्रीचा भाव वर ढकलावा लागतो. सभेत जो ‘आणखी पाच टक्के’ असा आवाज उठतो, त्याचं बिल शेवटी या शहरात पहिलं घर शोधणाऱ्याच्या नावावर फाटतं. हे कोणी बोलत नाही. बोलायला हवं, कारण त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाच्या घरात एक मुलगा किंवा मुलगी विरार-डोंबिवलीच्या जाहिराती चाळत असते.

घरं कमी आहेत हे मुलाचं म्हणणं खरं आहे, आणि ही टंचाई आपण कायद्यांनी वाढवली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्याआधी गिरगाव-परळच्या चाळी मालक भाड्यासाठीच बांधत. ते बांधणं थांबलं, दुरुस्त्या थांबल्या, पागडी सुरू झाली. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मोकळ्या जमिनी घरांसाठी सुटतील असं वाटलं होतं. त्या उलट कोर्टकचेऱ्यांत अडकल्या, आणि राज्याने तो कायदा २००७ च्या नोव्हेंबरात रद्द केला. १९९१ च्या नियमावलीत एफएसआय शहरात १.३३ आणि उपनगरात १ एवढाच ठेवला. २०११ च्या जनगणनेत मुंबईतले सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते. ज्या शहरात लाखो कामं आहेत आणि घरं नाहीत, तिथे माणसं घराशिवाय राहत नाहीत. ती नाल्याकाठी राहतात, नाही तर लोकलच्या दारात दिवसाचे चार तास.

काकांचंही अर्धं बरोबर आहे. त्याच २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. कोणी गुंतवणूक म्हणून कुलूप लावलं, कोणी भाडेकरू निघणार नाही या भीतीने. म्हणजे नुसती घरं बांधून भागत नाही, कोणती बांधतो त्यालाही अर्थ आहे. तुमच्या प्लॉटवर विक्रीच्या १४,२५० फुटांत ९०० फुटांची १५ घरं होतील किंवा ४५० फुटांची ३१. निवड सोसायटीच्या हातात असते, पण करारावर सही होईपर्यंतच. विक्रीच्या घरांचा आकार करारात घाला. लहान घरं पार्ल्यात लवकर विकली जातात, बिल्डरचा पैसा लवकर फिरतो, म्हणजे तुमचं भाडंही सुरक्षित राहतं.

भाव का उतरत नाहीत? वरच्याच हिशोबात पुन्हा बघा : ४१.६ पैकी १४ कोटी प्रीमियम, टीडीआर आणि सेसचे. घर बांधण्याआधीच शहर त्या घरावर एवढं ओझं ठेवतं. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या वर्षअखेरपर्यंत प्रीमियम निम्मं केलं, तेव्हा प्रस्तावांची रीघ लागली होती. हे ओझं कायमचं कमी करा, अशी मागणी काकांनी नगरसेवकाकडे लावून धरली तर ती त्यांच्या टॉवरविरोधापेक्षा जास्त घरं स्वस्त करेल.

आणि खोटी आशाही देत नाही. ४५० फुटांचं घर ३५,००० च्या भावाने १ कोटी ५७ लाखांना जातं. तुमचा मुलगा ते बहुधा घेऊ शकणार नाही. पण जो घेईल तो आज कुठल्यातरी घरात भाड्याने राहतोच आहे. त्याची जागा मोकळी होते, मग तिच्यामागची. ३१ घरांनी पार्ल्याचा भाव हलत नाही. अशी हजार ठिकाणी ३१ झाली तर हलतो, आणि ती हजार ठिकाणं म्हणजे तुमच्यासारख्याच सोसायट्या. मुंबईत मोकळी जमीन आता उरली आहे कुठे?

पाण्याचा मुद्दा मात्र खराच. मध्य वैतरणा धरणातून २०१४ पासून रोज ४५.५ कोटी लिटर पाणी वाढलं, त्यानंतर तेवढा मोठा नवा स्रोत मुंबईला जोडला गेलेला नाही. म्हणून जुन्या टाकीच्या जागी दोन दिवस पुरेल अशी जमिनीखालची टाकी, पावसाचं पाणी साठवण्याची खरी (फक्त नकाशातली नव्हे) व्यवस्था आणि संडासाच्या फ्लशला वेगळी पाइपलाइन, या तीन गोष्टी करारात मागा. काकांना याच कामाची जबाबदारी द्या.

‘बीडीडीवाल्यांना (म्हणजे जुन्या सरकारी चाळीतल्यांना) ५०० फूट मिळाले, मग आम्हाला का नाही?’ हा प्रश्न सभेत येईलच. वरळीत १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात पहिली ५५६ कुटुंबं ऑगस्ट २०२५ मध्ये गेली, हे खरं आहे. पण ती सरकारी जमीन, तिथे म्हाडा बांधते आणि नियमही वेगळे आहेत. १००० चौरस मीटरच्या खासगी प्लॉटला ते माप लावता येत नाही.

आता कागद. सगळ्यात आधी प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावर सोसायटीचं नाव आहे का बघा. जुन्या मालकाचं किंवा बिल्डरचं नाव असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. जमीन तुमची नाही तर तुम्ही देताय काय? कार्डावरचं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष मोजणी जुळते का तेही पाहा. कंपाउंडमधून मागे रस्त्याला गेलेली पट्टी पन्नास वर्षांत सगळे विसरलेले असतात.

मग ७९अ. सहकार कायद्याच्या या कलमाखाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. सभेची नोटीस १४ दिवस आधी, दोन तृतीयांश सभासदांची हजेरी, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती, सभेचं चित्रीकरण, आणि बिल्डर निवडण्याच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर. २४ पैकी १६ जण बसल्याशिवाय सभा सुरू होत नाही आणि १३ जणांची संमती लागते. न्यायालयांनी हा निर्णय मार्गदर्शक मानलाय, एखादी पायरी चुकली म्हणून सगळं रद्द होत नाही. तरी पायऱ्या पाळाच. जिथे त्या गाळल्या जातात तिथे एखादा नाराज सभासद कोर्टात जातो, आणि निकाल कुणाच्याही बाजूने लागो, दोन वर्षं जातातच. पीएमसी म्हणजे प्रकल्प सल्लागार सोसायटीनेच निवडावा आणि त्याची फी सोसायटीच्या खात्यातूनच द्यावी. बिल्डर म्हणेल, मी भरतो. भरू देऊ नका.

त्याच निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे. तुमच्या उदाहरणात ती ८ कोटींवर जाते. बिल्डर घासाघीस करतील, त्याऐवजी विक्रीचे काही फ्लॅट सोसायटीकडे तारण ठेवतो म्हणतील. तडजोड चालेल, पण ती नोंदणीकृत कागदावर, फ्लॅटच्या क्रमांकांसह, आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) येईपर्यंत. हे तारण का महत्त्वाचं? कारण रेरा तुम्हाला फारसा वाचवत नाही. महारेरात नोंद होते ती विक्रीच्या फ्लॅटची आणि तक्रारीचा हक्क मुख्यतः त्या खरेदीदारांना. जुना सभासद त्या अर्थाने ग्राहक नसतो, त्याचं सगळं बळ विकास करारात. तरीही महारेराच्या संकेतस्थळाचा उपयोग करा : तिन्ही बिल्डरांचे आधीचे प्रकल्प उघडा आणि काम पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख शेजारी शेजारी लिहा. तो कागद ब्रोशरपेक्षा खरं बोलतो.

करारात कुलमुखत्यारपत्र फक्त परवानग्या काढणं आणि विक्रीचे फ्लॅट विकणं एवढ्यापुरतं असावं, आणि करार रद्द झाला की आपोआप संपावं. कर्ज फक्त विक्रीच्या भागावर. जमिनीवर आणि तुमच्या घरांवर बोजा चढता कामा नये. मुदत २४ महिने, फार तर ३६, शेवटचं घर रिकामं झाल्या दिवसापासून मोजलेली. प्रकल्प दुसऱ्याला सोपवायचा तर सर्वसाधारण सभेची परवानगी लागेल, हे वाक्य हवंच हवं.

घर रिकामं कधी करायचं, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. आयओडी म्हणजे महापालिकेची पहिली मंजुरी तुम्ही राहत असतानाच मिळते. तेव्हा आधी विकास करार नोंदवलेला, मग आयओडी हातात, मग तुमच्या नावाचा पर्यायी घराचा वैयक्तिक करार नोंदवलेला, त्यात मजला, फ्लॅटचा नकाशा आणि चौरस फूट. पहिल्या अकरा महिन्यांचं भाडं, दलाली आणि सामान हलवण्याचे पैसे खात्यात जमा. पुढच्या भाड्याचे चेक हातात. त्यानंतरच किल्ली. ‘सगळे निघालेत, तुम्हीच अडवताय’ असं कोणी म्हणालं तर या कागदांची यादी दाखवा. पाडल्यावर सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, मिळते. ती सुरुवातीला बहुधा जोत्यापर्यंतच असते, पूर्ण उंचीची नंतर येते, म्हणून पीएमसीने दर महिन्याला ती तपासून सभासदांना कळवावं.

भाडं ओसी मिळून ताबा देईपर्यंत चालू राहिलं पाहिजे, नुसती इमारत ‘तयार’ होईपर्यंत नाही. ओसीशिवाय राहायला जाऊ नका. पाण्याचा दर जास्त लागतो, आणि एकदा तुम्ही आत गेलात की उरलेली कामं करून घ्यायला तुमच्या हातात काही राहत नाही. भाड्यावर टीडीएस कापायचा म्हणाले तर मुंबई उच्च न्यायालयाचा २०२४ चा निर्णय दाखवा, पुनर्विकासात मिळणारं हे भाडं त्या अर्थाने भाडंच नाही असं त्यात सांगितलंय. तसंच पर्यायी घराच्या करारावर खरेदीसारखी स्टॅम्प ड्युटी सभासदाकडून घेता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हटलंय. स्वतः पैसे देऊन जास्तीची जागा घेतलीत तर तेवढ्यावर ती लागते.

सही नाही केली तर? बहुमताने ठराव झाला की अल्पमतातला सभासद तो अडवू शकत नाही, हे उच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. घर रिकामं करून द्यायचा आदेश येतो, आणि मधल्या महिन्यांचं भाडं बाकीच्या २३ जणांच्या माथी पडतं. म्हणजे तुमच्या शब्दाला वजन आहे ते ठरावाच्या आधी. आत्ता. सही रोखून धरण्यापेक्षा लेखी प्रश्न द्या आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे तुमची सोसायटी नीट बघेल अशी फार इच्छा आहे : स्वयंपुनर्विकास. राज्याचा त्यासाठीचा शासन निर्णय १३ सप्टेंबर २०१९ चा आहे, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यासाठी कर्ज देते. वरच्या उदाहरणातले ८.३ कोटी बिल्डरकडे न जाता सोसायटीत राहतात. ते जास्तीच्या चौरस फुटांत न घालता कॉर्पसमध्ये ठेवलेत तर पुढचा मेंटेनन्स त्यावर निघेल. नवीन इमारतीत लिफ्ट, पंप, अग्निशमन, मशीनचं पार्किंग यांचा खर्च आजच्या तिप्पट-चौपट सहज होतो, आणि पेन्शनवर जगणाऱ्या सभासदांना तोच पुढे घर विकायला लावतो. अट एकच, पण कडक : तीन वर्षं रोज दोन-तीन तास देणारी किमान तीन विश्वासू माणसं हवीत, आणि सभासदांत भांडणं नकोत. सोसायटीत आधीच दोन गट असतील तर या वाटेला जाऊ नका, चांगला बिल्डर बरा.

मुलासाठी वेगळं सांगायचंय. पुनर्विकासाच्या घाईत त्याचं नाव फ्लॅटवर सहमालक म्हणून चढवू नका. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीत अर्जदाराच्या, त्याच्या पती-पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर मुंबईत घर असेल तर अर्ज बाद होतो. आईच्या नावावरचं घर आड येत नाही. त्याचं वारसनामांकन करा, तेवढं पुरे. कुटुंबाचं, म्हणजे पती-पत्नी दोघांचं, वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम. लग्नानंतर सुनेचा पगार मिळवला जाऊन गट बदलू शकतो, हे धरून अधिवास प्रमाणपत्र आणि आयकर विवरणपत्रं आत्ताच तयार ठेवा.

सभेला जाताना तीन गोष्टी बरोबर घ्या : तुमच्या घराची स्वतः केलेली मोजणी, प्रॉपर्टी कार्ड आणि डीपी रिमार्क. ६०वाल्याला सगळ्यांसमोर विचारा, ‘विक्रीला तुमच्याकडे किती चौरस फूट उरतात, आणि त्यातून किती घरं बांधणार?’ त्याच्याकडे दोन्ही आकडे लेखी नसतील, तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवा.